कचरा डेपोखालचं भूजल : देखरेख गटाच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च : हातात काय आहे

बंद पडलेला कचरा डेपो. वर मातीचं आच्छादन आहे, खाली अस्तर नाही. कचऱ्यातून झिरपणारं लीचेट वाळूच्या थरात उतरतं आणि भूजलाबरोबर दक्षिणेकडे सरकतं. दक्षिण कडेला एकमेकांपासून २० मीटर अंतरावर दोन उपसा बोअर आहेत (उ-१, उ-२). त्यांचं पाणी शुद्धीकरण शेडमध्ये येतं आणि शुद्ध करून बाहेर सोडलं जातं. भोवती निरीक्षण बोअर ११ (नि-१ ते नि-११).

यंत्रणा चालवणं कंत्राटदाराकडे, हुकूम काढणं नियामकाकडे. देखरेख गटाचा अधिकार तीन गोष्टींपुरता: कागद मागणं, मोजणीच्या वेळी हजर राहणं आणि नमुन्याचा निम्मा वाटा वेगळ्या प्रयोगशाळेत पाठवणं. नीट वापरला तर एवढा अधिकार पुरतो.

मागवलेले कागद: प्रत्येक बोअरची खोदाई नोंद (कोणत्या खोलीवर कोणता थर, जाळीचा पाइप कुठून कुठपर्यंत, बेंटोनाइटची, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या मातीची, सीलबंदी कुठे), केसिंगच्या (बोअरमधल्या उभ्या पाइपच्या) तोंडाच्या उंचीचा सर्व्हे, मागच्या आठ तिमाहींचे प्रयोगशाळेचे मूळ तक्ते आणि पंपांच्या मीटरच्या नोंदी. यातलं शेवटचं सोडून सगळं आलं. मीटरऐवजी "उपसा ४० घनमीटर प्रतिदिन" असं वाक्य प्रत्येक मासिक अहवालात सापडलं. दर महिन्याला अगदी तेवढाच आकडा. पंप असं वागत नाहीत.

५ मार्च : चाळीस घनमीटर कशासाठी लागतात

पुढच्या सगळ्या चर्चा या गणितावर येणार, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहोत.

थराची पारगम्यता दिवसाला ५ मीटर, पाण्याने भरलेली जाडी १० मीटर, भूजलाचा नैसर्गिक उतार ०.००४ (२५० मीटरला १ मीटर). तिन्हींचा गुणाकार ०.२. म्हणजे थराच्या दर मीटर रुंदीतून दिवसाला ०.२ घनमीटर पाणी जातं. ४० घनमीटर उपसलं तर दूर वरच्या बाजूला (पाणी जिकडून येतं तिकडे) ४० ÷ ०.२ = २०० मीटर रुंदीचं पाणी बोअरकडे ओढलं जातं. प्रत्यक्ष बोअरच्या रेषेवर ही रुंदी निम्मी, १०० मीटर. बोअरच्या खालच्या बाजूला (पाणी जिकडे जातं तिकडे) ओढ जिथे संपते ते अंतर ४० ÷ (२ × ३.१४ × ०.२), म्हणजे सुमारे ३२ मीटर. दोन बोअर जवळ आहेत म्हणून एकच धरले. आकडे ढोबळ असले तरी दिशा दाखवायला पुरेसे आहेत.

दूषित पट्टा बोअरच्या रेषेवर साधारण ८० मीटर रुंद. ओढ १०० मीटरची, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून २० मीटर राखीव. हिशेब उलटा केला तर ८० मीटर धरून ठेवायला सरासरी ३२ घनमीटर तरी हवेत. त्याखाली गेलं की पट्ट्याच्या कडा निसटतात. मधला गाभा मात्र सापळ्यातच राहतो, त्यामुळे शेडमध्ये येणारं पाणी पूर्वीइतकंच घाण दिसतं आणि सगळं ठीक चालल्यासारखं वाटतं.

वेग: ५ × ०.००४ ÷ ०.२५ (सच्छिद्रता) = दिवसाला ०.०८ मीटर, वर्षाला सुमारे २९ मीटर. नि-९ हा बोअर उपसा रेषेच्या खालच्या बाजूला ६० मीटरवर आहे. रेषेवरून निसटलेलं पाणी तिथे पोचायला ७५० दिवस लागतात. आज नि-९ च्या बाटलीत जे आहे ते दोन वर्षांपूर्वी रेषेवर काय घडलं ते सांगतं. आज काय घडतंय ते फक्त पाणीपातळी आणि मीटर सांगतात. म्हणून आधी ती दोन कामं, नमुने नंतर.

९ मार्च : बोअर तपासणी

अकराही बोअर उघडून पाहिले. प्रत्येकाचा तळ वजन लावलेल्या टेपने मोजला आणि खोदाई नोंदीशी ताडला.

नि-४ : तळाशी ०.७ मीटर गाळ. जाळी ३ मीटरची, म्हणजे जवळजवळ चौथा भाग बुजला. नमुन्याआधी हा बोअर धुवायला हवा.

नि-६ : झाकणाचं रबर फाटलेलं, सिमेंटच्या ओट्याला केसिंगलगत भेग. पावसाचं पाणी पाइपच्या कडेने थेट खाली उतरेल आणि नमुना खऱ्यापेक्षा चांगला दिसेल. अशी खोटी सुधारणा आजवर किती अहवालांत गेली असेल ते आता शोधता येणार नाही.

नि-१० : केसिंगचं तोंड ताजं कापलेलं दिसतं, कडा खरखरीत. मोजणीची खूण (तोंडाच्या उत्तर बाजूची खाच) गायब. विचारल्यावर कळलं की गाडीचा धक्का लागून पाइप तडकला होता, तडकलेला भाग कापून टाकला. नवा सर्व्हे झाला नाही.

बाकीचे ठीक. कुलपं बदलली, किल्ल्यांचा एक जोड गटाकडे.

१४ मार्च : पाणीपातळी, पहिली फेरी

नियम तीन. सगळे बोअर एकाच दिवशी, शक्यतो चार तासांत. झाकण उघडल्यावर पातळी स्थिरावेपर्यंत थांबायचं (हवाबंद झाकणाखाली दाब साठलेला असतो, पातळी काही सेंटिमीटरने फसवते). प्रत्येक वाचन दोनदा, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. टेप प्रत्येक बोअरनंतर साबणाच्या पाण्याने आणि मग शुद्ध पाण्याने धुवायची, आणि क्रम स्वच्छ बोअरकडून घाण बोअरकडे.

सगळ्यात महत्त्वाची जोडी नि-८ आणि नि-१०. दोन्ही उपसा रेषेच्या खालच्या बाजूला, अनुक्रमे १२ आणि २६ मीटरवर, म्हणजे ३२ मीटरच्या आत. पंप पूर्ण चालत असतील तर इथलं पाणी उलटं, बोअरकडे, वाहायला हवं आणि नि-१० ची पातळी नि-८ पेक्षा वर दिसायला हवी. गणिताने फरक फक्त ४ सेंटिमीटर येतो. पंप बंद असतील तर नि-१० नैसर्गिक उताराप्रमाणे साडेपाच सेंटिमीटर खाली हवी. साफसफाई टिकून आहे की नाही याचा निवाडा या दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात होतो.

वाचन : नि-८ ची पातळी ९६.४१ मीटर, नि-१० ची ९६.४६. नि-१० पाच सेंटिमीटर वर, म्हणजे ओढ उत्तम. फक्त एक अडचण. आदल्या संध्याकाळपासून वीज नव्हती आणि दोन्ही पंप बंद होते.

पंप बंद असताना पाणी चढावर जात नाही.

१७ मार्च : नि-१० चा पुन्हा सर्व्हे

ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून कायम खुणेपासून नि-८, नि-१० आणि दोन्ही उपसा बोअरच्या तोंडांची उंची पुन्हा घेतली. जाताना एक, येताना एक, बंद फेरीत फरक २ मिलिमीटर. नि-१० चं तोंड जुन्या सर्व्हेपेक्षा ११ सेंटिमीटर खाली.

तोंड खाली गेलं की त्यापासून मोजलेली खोली कमी भरते. तो आकडा जुन्या, जास्त उंचीतून वजा केला की पातळी तेवढीच, ११ सेंटिमीटरने, वर दिसते. १४ तारखेची खरी पातळी ९६.३५, म्हणजे नि-८ पेक्षा ६ सेंटिमीटर खाली. पंप बंद असताना गणिताने जे यायला हवं तेच आलं.

पाइप कापल्यापासूनच्या प्रत्येक अहवालात ही जोडी "ओढ कायम आहे" असं दाखवत होती, आणि पंप चालू असो वा बंद, तसंच दाखवत राहिली असती. कोणी लबाडी केली असं नाही. कापणाऱ्याने कापलं, मोजणाऱ्याने मोजलं, बेरीज करणाऱ्याने जुनी उंची धरली. तिघांपैकी एकानेही दुसऱ्याचा कागद पाहिला नाही.

नवी खाच करून तिच्याशेजारी उंची कोरली. दोन्ही बोअरमध्ये दाब नोंदणारे लॉगर सोडले, दर १५ मिनिटांनी एक वाचन. तिसरा लॉगर हवेचा दाब नोंदण्यासाठी शेडमध्ये. तो नसेल तर हवामानातला बदल पाणीपातळीतला बदल म्हणून वाचला जातो.

२२ मार्च : नमुने, नि-९

एका बोअरची कृती पूर्ण लिहीत आहोत. इतर बोअरना हीच.

पंपाचं तोंड जाळीच्या मध्यावर, तळापासून किमान अर्धा मीटर वर. सोडताना हळू. धसकन सोडला तर तळाचा गाळ उठतो आणि तासभर बसत नाही. प्रवाह मिनिटाला २०० मिलिलिटर. सोबत टेपने पातळी पाहत राहायचं, घट १० सेंटिमीटरच्या आत हवी. इथे ६ वर थांबली.

नळी आतून ६ मिलिमीटर, लांबी २० मीटर. तिच्यात ५६५ मिलिलिटर पाणी मावतं, वर वाचनाच्या पेटीत अर्धा लिटर. म्हणजे पहिली पाचसहा मिनिटं जे वाचन दिसतं ते नळीचं आणि पेटीचं, जमिनीचं नाही. त्यानंतर दर ५ मिनिटांनी नोंद. वाहकता १२४०, ११९०, ११८२, ११८०. विरघळलेला ऑक्सिजन २.१ वरून ०.३ मिलिग्रॅम. गढूळपणा ८५ वरून ८ एनटीयू. सलग तीन वाचनांत पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत, ऑक्सिजन आणि गढूळपणा १० टक्क्यांच्या आत स्थिरावले की बाटल्या भरायच्या. आज ४५ मिनिटं लागली. घाई करायची तर ती इथे नाही. गढूळ पाणी आम्ल घातलेल्या बाटलीत गेलं की मातीच्या कणांतलं लोह, मँगनीज, शिसं विरघळतं आणि प्रयोगशाळा ते पाण्यातलं म्हणून कळवते.

बाटल्यांचा क्रम: आधी बाष्पनशील (हवेत उडून जाणाऱ्या) द्रव्यांच्या, आत आम्ल घातलेल्या ४० मिलिलिटरच्या कुप्या. नळी काचेला टेकवून पाणी आतल्या भिंतीवरून सोडायचं, तोंडावर पाण्याचा फुगवटा आला की टोपण, मग कुपी उलटी करून बोटाने टिचकी. बुडबुडा दिसला तर ती कुपी बाद. पुन्हा भरायला नवी घ्यायची, कारण जुनीतलं आम्ल सांडून गेलेलं असतं. नि-४ ला प्रत्येक कुपीत बुडबुडे येत राहिले. भरण्यात चूक नव्हती. लीचेट मिसळलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि आम्ल लागताच ते फसफसतं. तिथे आम्लाविना कुप्या घेतल्या आणि तपासणीची मुदत १४ ऐवजी ७ दिवस अशी चिठ्ठीवर ठळक लिहिली.

त्यानंतर अमोनियासाठी गंधकाम्लाची बाटली, क्लोराइड आणि नायट्रेटसाठी साधी (नायट्रेट ४८ तासांत तपासायला हवं), शेवटी धातूंसाठी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून नत्राम्लाच्या बाटलीत. सगळं बर्फात, ४ अंशांच्या आसपास.

जनरेटर नमुन्याच्या जागेपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवला. इंधन भरणाऱ्या हाताने कुपीला हात लावायचा नाही, हातमोजे बदलले तरीही. बेंझिन पीपीबीत (अब्जात किती भाग) मोजायचं असेल तर पेट्रोलचा वाससुद्धा नमुना ठरतो.

११ एप्रिल : प्रयोगशाळेचे तक्ते

आधी आकडे वाचायचे नाहीत. आधी कोरे नमुने पाहायचे. प्रवासी कोऱ्या कुपीत (शुद्ध पाणी भरलेली, नमुन्यांबरोबर न उघडता फिरलेली) डायक्लोरोमिथेन सापडलं. ते प्रयोगशाळांमध्ये द्रावक म्हणून वापरलं जातं, तेव्हा नि-३ मधलं तेवढंच डायक्लोरोमिथेन बाजूला ठेवलं. जोडनमुन्यांचा (एकाच बोअरमधून एकाच वेळी घेतलेल्या दोन नमुन्यांचा) फरक १२ टक्के, चालण्यासारखा.

मग आयनांचा ताळेबंद. धन आणि ऋण आयनांच्या बेरजांत ५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, नि-४ ला १४ टक्के आला. तपासलं तर अमोनियम बेरजेत धरलाच नव्हता. साध्या विहिरीच्या पाण्याला हे खपतं. इथे अमोनिया नायट्रोजन लिटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे ४.३ मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचा विद्युतभार मोजायचं एकक). ते धरल्यावर ताळा बसला.

आता नि-९. मासिक अहवालाचं वाक्य: "ट्रायक्लोरोइथिलीन १४ वरून ९ मायक्रोग्रॅमवर, सुधारणा." आकडा खरा आहे, निष्कर्ष नाही. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात जिवाणू या द्रव्याचे (ते कारखान्यांतलं द्रावक आहे) क्लोरीन एकेक करून काढतात. आधी त्याचं सिस-डायक्लोरोइथिलीन होतं, मग व्हिनाइल क्लोराइड, शेवटी निरुपद्रवी इथिलीन. मधल्या पायरीवर गाडी अडली तर मूळ द्रव्यापेक्षा वाईट द्रव्य साठतं. नि-९ मध्ये डायक्लोरोइथिलीन ३ वरून ११ झालंय आणि आमच्या नमुन्यात व्हिनाइल क्लोराइड २.४ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा ०.३. आठपट.

जुन्या तक्त्यांत व्हिनाइल क्लोराइडसमोर "आढळलं नाही" असं आहे. शेजारच्या रकान्यात नोंदमर्यादा १ मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या तिप्पट असतं तरी "आढळलं नाही" असंच छापलं असतं. यापुढे नोंदमर्यादा ०.१ मागायची, आणि "आढळलं नाही"च्या जागी शून्य कधीही लिहायचं नाही.

वजनं थेट बेरजेत घालता येत नाहीत, रेणूंची संख्या मोजावी लागते. रेणुभार १३१.४, ९६.९ आणि ६२.५. जुन्या नमुन्यात व्हिनाइल क्लोराइड पूर्ण १ मायक्रोग्रॅम होतं असं कंत्राटदाराच्या बाजूने धरलं तरी तिन्हींची बेरीज ०.१५४ मायक्रोमोल येते. आताची ०.२२०. सुधारणा म्हणावी अशी गोष्ट १.४ पट झाली आहे.

क्लोराइड तर सरळच बोलतं. ते मातीला चिकटत नाही, जिवाणू खात नाहीत, पाण्याबरोबर त्याच वेगाने येतं. नि-९ च्या आठ तिमाही: ६२, ६०, ७१, ७८, ७६, ८९, ९७, १०४ मिलिग्रॅम. वरच्या स्वच्छ बाजूच्या नि-१ मध्ये ३८. प्रत्येक नंतरचं वाचन प्रत्येक आधीच्याशी ताडलं तर २८ जोड्या होतात, त्यांत २६ चढत्या आणि २ उतरत्या. फरक २४. आठ वाचनांत हा फरक १६ किंवा जास्त योगायोगाने येण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास असते, २४ ची त्याहून पुष्कळ कमी. (ही मान-केंडॉल चाचणी. कागद-पेन्सिलने होते, सॉफ्टवेअर लागत नाही.)

१३ एप्रिल : मीटर

१४ मार्चला मुख्य जलमापकाचा आकडा फोटोसह टिपला होता. आज पुन्हा. ३० दिवसांत ७५६ घनमीटर, सरासरी २५.२. नेमलेल्या ४० च्या ६३ टक्के.

एकट्या जलमापकावर विसंबू नये, लोहाच्या गाळाने त्याचा पंखा अडतो. म्हणून पॅनेलवरचे तासमापक: उ-१ ने ७२० पैकी ६१२ तास, उ-२ ने २९५. एकूण ९०७. पंप चालू असताना तासाला ०.८३३ घनमीटर देतो (बादली आणि घड्याळाने तपासलं), गुणाकार ७५६. दोन स्वतंत्र मोजण्या जुळल्या.

२५.२ ने रेषेवरची ओढ ६३ मीटर येते. पट्टा ८० चा. खालच्या बाजूची ओढ ३२ वरून २० मीटरवर. लॉगरमध्येही तेच दिसतं: उ-२ बंद पडला की काही तासांत नि-१० ची रेघ नि-८ च्या खाली जाते, चालू झाला की वर येते. दिवसातून तीनचार वेळा.

वीजबिलांवरून मागचा अंदाज काढला. शेडचा युनिट वापर साडेतीन वर्षांपूर्वी घसरला आणि तिथेच राहिला. ७५० दिवसांचा प्रवास त्यात मिळवला की नि-९ चं क्लोराइड गेल्या दीडेक वर्षापासून का चढतंय ते कळतं.

१६ एप्रिल

नि-९ च्या खालच्या बाजूच्या खाजगी विहिरींची यादी नियामकाकडे, तपासणीची आणि तोवर पर्यायी पाण्याची मागणी लेखी. घरोघर सांगायचं वाक्य ठरवलं: वास, चव, रंग यांवरून ओळखता येणार नाही; बंद खोलीत उकळून उपयोग नाही, द्रव्य पाण्यातून निघून खोलीतल्या हवेत जातं. एवढंच. कर्करोगाचे आकडे सांगत फिरायचं नाही, आपापल्या विहिरीचा निकाल हातात आल्याशिवाय ते कोणाच्याच कामाचे नाहीत.

६ मे : उ-२ का बंद पडतो

पंप वर काढला. जाळीवर नारिंगी-तपकिरी बुळबुळीत थर, बोटाने ओढला तर दोरीसारखा सुटतो. खाली कठीण पापुद्रा, नखाने निघत नाही. वर येणाऱ्या पाइपची आतली पोकळी अंगठ्याएवढी होती ती करंगळीएवढी झालेली. लोहजिवाणूंचं काम.

कचऱ्याखालच्या पाण्यात ऑक्सिजन संपलेला असतो, त्यामुळे मातीतलं लोह विरघळून येतं. डेन्मार्कमधल्या वेयेन आणि ग्रिंडस्टेड इथल्या कचरा डेपोंखाली हे पट्टे फार बारकाईने तपासले गेले आहेत: डेपोजवळ मिथेन तयार होण्याचा, पुढे लोह विरघळण्याचा, मग मँगनीजचा आणि नायट्रेटचा, शेवटी ऑक्सिजन असलेला. उपसा बोअर लोहाच्या पट्ट्यात बसला की विरघळलेलं लोह हवेला भेटतं आणि गंज होऊन जाळीवर बसतं.

मग दुष्टचक्र. जाळी बुजली की बोअरमधली पातळी जास्त खाली जाते. खाली गेली की जाळीचा वरचा भाग उघडा पडतो, हवा शिरते, आणखी लोह बसतं. पातळी इलेक्ट्रोडच्या खाली गेली की कोरडा चालू नये म्हणून पंप आपोआप बंद. पाणी चढतं, पंप सुरू, पुन्हा बंद. पॅनेलवर बिघाडाचा दिवा लागत नाही, कारण यंत्रणेच्या लेखी हा बिघाड नाहीच.

हे आधी ओळखायचं सोपं माप आहे. सुरुवातीला मिनिटाला १४ लिटर उपशाला पातळी १.६ मीटर उतरायची, म्हणजे दर मीटरला ८.७५ लिटर. आता ४.० मीटर उतरते, दर मीटरला ३.५. आमच्या मते हे माप चौथ्या हिश्शाने घटलं की बोअर धुवायला घ्यावा. इथे चाळीस टक्क्यांवर आलं तरी कोणी पाहिलं नव्हतं.

९ ते १२ मे : धुलाई

आधी नायलॉन ब्रश, मग सल्फॅमिक आम्ल. पीएच ३ च्या खाली ठेवून दट्ट्याने वरखाली घुसळण, चढला की पुन्हा आम्ल, असं पीएच चढायचा थांबेपर्यंत. शेवटी पाणी स्वच्छ आणि पीएच पूर्ववत होईपर्यंत उपसा. हे सगळं पाणी टाकीत. उघड्यावर सोडायला ते साधं पाणी नाही.

जिवाणूंसाठी क्लोरीन वापरायचा आग्रह झाला. दोन अटी घातल्या. आम्ल पूर्ण निघाल्याशिवाय क्लोरीन नाही, दोन्ही भेटले तर क्लोरीन वायू सुटतो आणि बोअरच्या तोंडाशी वाकलेला माणूस तो हुंगतो. आणि क्लोरीननंतर दोन आठवडे शेजारच्या बोअरचे नमुने नाहीत, कारण क्लोरोफॉर्म तयार होऊन तक्त्यात नवा प्रदूषक म्हणून उगवेल.

धुतल्यावर दर मीटरला ७.४ लिटर. शिवाय झडप आवळून प्रवाह १४ ऐवजी १३ वर आणला. अखंड चालणारा १३, थांबत थांबत चालणाऱ्या १४ पेक्षा बरा: पाणी जास्त मिळतं, आणि जाळी उघडी पडत नाही.

२ जून : शेडमधल्या कार्बनच्या टाक्या

मालिकेत दोन टाक्या, प्रत्येकी ५०० लिटर कार्बन. मिनिटाला २७ लिटर पाण्याला एका टाकीत १८ मिनिटं मिळतात, रचना ठीक. चूक नमुन्याच्या जागेत. आजवर फक्त शेवटच्या नळाचं पाणी आणि तेही ट्रायक्लोरोइथिलीनसाठी तपासलं जात होतं. मधल्या नळावर घेतलं: ट्रायक्लोरोइथिलीन नाही, व्हिनाइल क्लोराइड १.१. कार्बन त्याला फारसा धरत नाही, म्हणून आधी तेच फुटून बाहेर येतं. मधल्या नळावर काही दिसलं की पहिली टाकी बदलायची, दुसरी पहिल्या जागी आणायची, नवी मागे. शेवटच्या नळावर दिसेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो.

व्हिनाइल क्लोराइडसाठी हवेचा मनोरा जास्त योग्य, हवेच्या झोतात ते सहज उडतं. पण मनोऱ्याआधी लोह काढावं लागेल, नाहीतर मनोऱ्यातली भरणी दोन महिन्यांत उ-२ च्या जाळीसारखी होईल. आणि उडालेलं द्रव्य कुठे जातं, हवेची तपासणी कोण करणार, हे कागदावर आल्याशिवाय मंजुरीला पाठिंबा नाही.

२८ जून : पहिल्या मोठ्या पावसानंतर

आच्छादनावर चालत फेरी. ईशान्य उतारावर पाणी साचलं आहे, कचरा खचून खोलगट झालाय. तिथे भर घालून उतार काढायला सांगितलं. पश्चिमेला वायुनळाजवळ लांब भेग, आजूबाजूचं गवत पिवळं. मातीतून मिथेन वर येतोय, मुळांना ऑक्सिजन नाही. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन पेट घेतो, तेव्हा मॅनहोलमध्ये डोकावण्याआधी वायुमापक, आणि आत कोणी उतरायचं नाही.

लीचेटच्या खड्ड्यातली पातळी आठवड्यात ४० सेंटिमीटर चढली. उपसा टँकर दोन दिवस उशिरा.

१५ जुलै

जूनचे ३० दिवस: ११०४ घनमीटर, सरासरी ३६.८. रेषेवरची ओढ ९२ मीटर. लॉगरमध्ये नि-१० महिनाभर वर, फक्त दोनदा खाली, दोन्ही वेळा वीज गेलेली. मासिक अहवालात आता मीटरचा सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा, तासमापक आणि फोटो द्यायचं कंत्राटदाराने मान्य केलं.

२० ऑगस्ट : दुसरी नमुना फेरी

नि-९ : क्लोराइड १०९, व्हिनाइल क्लोराइड २.७. वाढलं.

बैठकीत साहजिक प्रश्न आला: पंप दुरुस्त करून तीन महिने झाले, मग फायदा काय? ५ मार्चची नोंद वाचून दाखवली. दुरुस्तीआधी निसटलेलं पाणी रेषेपासून नि-९ पर्यंतच्या ६० मीटरमध्ये भरून आहे आणि ते याच वाटेने यायचं आहे. नि-९ दीडदोन वर्षं असाच राहील, कदाचित आणखी चढेल. त्याआधी बदल दिसला तर तो नि-१० मध्ये दिसेल. नि-१० चं क्लोराइड ११८ वरून १११. एका वाचनावर काही म्हणायचं नाही.

२४ सप्टेंबर : "पंप बंद करून पाहू" प्रस्ताव

उ-१ चं पाणी वर्षभर एकाच पातळीवर आहे, उपसून उपयोग नाही, सहा महिने बंद करू, असा प्रस्ताव. पंप बंद करून उसळी (द्रव्य पुन्हा किती चढतं ते) मोजणं ही चांगली चाचणी आहे. आकडा सपाट होणं म्हणजे साफ होणं नव्हे. वाळूतलं पाणी लवकर बदलतं, पण मधल्या चिकणमातीच्या पट्ट्यांत मुरलेलं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं.

पण आत्ता नको, आणि या अटींवर नको. कळवलेलं उत्तर: उ-२ ची ओढ एकट्याने ८० मीटर धरत नाही हे गणित सोबत, चाचणी सहा आठवड्यांची, सहा महिन्यांची नाही, नि-८, नि-१० ला दर आठवड्याला क्लोराइड आणि वाहकता, नि-१० चं क्लोराइड सुरुवातीपेक्षा १० टक्के चढलं तर त्याच दिवशी पंप चालू, आणि चाचणीआधी नि-१० च्या खालच्या बाजूला, उपसा रेषेपासून ४० मीटरवर, एक नवा बोअर. सध्या २६ आणि ६० च्या मधल्या पट्ट्यात डोळा नाही.

८ ऑक्टोबर

नव्या बोअरची खोदाई मंजूर. खोदताना गट हजर राहणार: बेंटोनाइटच्या गोळ्या टाकल्यावर पाणी घालून फुगायला वेळ दिला का, खडीचा भराव जाळीच्या किती वर गेला, आणि शेवटी केसिंगच्या तोंडाची उंची. उंची त्याच दिवशी, ऑटो लेव्हलने, कायम खुणेपासून. जलमापकाचं आजचं वाचन फोटोसह फाइलमध्ये. उ-२ : दर मीटरला ६.९ लिटर. साडेसहाच्या खाली गेलं की ब्रश.